थायलंडमध्ये फॉरेक्स कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, चांगलं आहे, पण निव्वळ त्याच्या भरवशावर थायलंड फिरता येत नाही. मॉल आणि मोठ्या हॉटेलांत काही अडत नाही. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोत कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटला टेकवता येतं. खाऊगाड्या, बाजार, टुकटुक इथे मात्र रोख किंवा प्रॉम्प्टपेचा, म्हणजे तिथल्या यूपीआयसारख्या सेवेचा, क्यूआर. तो आपल्या यूपीआयने स्कॅन होईल असं धरून चालू नका.

खरी कात्री एटीएमवर लागते. परदेशी कार्डावर तिथली बँक दर वेळी २२० बात (थायलंडचं चलन) घेते, काही ठिकाणी २५०. २,००० बात काढले तर ११ टक्के गेले. २०,००० काढले तर जेमतेम १.१. म्हणजे काढायचेच तर एकदम काढा. त्यात आपल्या कार्डाचं पैसे काढण्याचं शुल्क वेगळं.

पुढचा सापळा स्क्रीनवर असतो. मशीन रुपयांतला दर दाखवून ‘विथ कन्व्हर्जन’ की ‘विदाउट’ विचारतं. ‘विदाउट’ दाबलं की व्यवहार रद्द होईल असं वाटतं. होत नाही, पैसे येतात. ‘विथ’ दाबलंत तर कार्डात बात भरलेले असूनही व्यवहार रुपयांत होतो आणि चलनबदल दोनदा कापला जातो. दुकानात हेच बटण कधीकधी कॅशियर परस्पर दाबतो. स्लिपवर रुपये दिसले तर तिथेच रद्द करून घ्या.

कार्डात बातच भरा. डॉलर भरून बातमध्ये खर्च केला की क्रॉस-करन्सी शुल्क लागतं, काही कार्डांवर ३.५ टक्क्यांपर्यंत. आंतरराष्ट्रीय, कॉन्टॅक्टलेस आणि एटीएम ही तिन्ही बटणं ॲपमध्ये निघण्याआधी चालू करा. ‘कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं. हॉटेलची अनामत या कार्डावर नको, अडकलेली रक्कम सुटायला बरेच दिवस जातात. ती क्रेडिट कार्डावर द्या.

रोखीसाठी इथून शंभराच्या कोऱ्या डॉलर नोटा न्याव्यात. छोट्या नोटांना दर कमी मिळतो, फाटकी किंवा शाई लागलेली नोट परत करतात. पासपोर्ट लागतोच. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षात बदलू नका; तळघरात एअरपोर्ट रेल लिंकजवळचे काउंटर बरेच चांगला दर देतात.

परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन जवळ ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत करावं लागतं. कार्डातले उरलेले बात मोडताना बँकेचा खरेदीचा, म्हणजे कमी दर मिळतो. म्हणून सुरुवातीला बेतानेच भरा, कमी पडले तर ॲपवरून तिथूनही भरता येतात.