जुन्या व्हिडिओ कॅसेट, कॅप्चर उपकरण आणि घरचा नॅस : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचे गिरगावातल्या चाळीतले बिऱ्हाड मुलुंडला हलले, तेव्हा बाबांच्या लोखंडी ट्रंकेतून २३ कॅसेट निघाल्या. त्यांतल्या १७ मोठ्या व्हीएचएस होत्या आणि ६ लहान मिनीडीव्ही. ताईचे लग्न, चाळीतला गणपती, आजीची पंचाहत्तरी, आणि दूरदर्शनवरून उतरवून घेतलेले काही नाटकांचे प्रयोग असा सगळा ऐवज त्यांत होता. गेल्या नोव्हेंबरात मी या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी कॅसेट चालवणारा जुना व्हीसीआर, त्याचे चित्र व आवाज संगणकात घेणारी दोन कॅप्चर उपकरणे, दोन डिस्कचा नॅस (म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली फायलींची साठवण) आणि ४३ इंची टीव्ही अशी साखळी घरात उभी राहिली. या साखळीतल्या प्रत्येक कडीचा अनुभव सविस्तर लिहिते आहे, कारण खरेदीपूर्वी मी जे काही वाचले त्यात सगळा भर कॅप्चर उपकरणावर होता आणि माझे बहुतेक पैसे व वेळ वाया गेला तो त्याच समजुतीमुळे.

व्हीसीआरपासून सुरुवात करते, कारण चित्राचा दर्जा तिथेच ठरतो. व्हीएचएस ही पद्धत जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली आणि फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवल्यावर नवे यंत्र मिळण्याचा मार्गच संपला. त्यामुळे आज हाती येणारा प्रत्येक व्हीसीआर हा कोणीतरी वापरून झालेला असतो. मी पहिला व्हीसीआर लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेतला. दुकानदाराने तो समोर चालवून दाखवला, चित्रही दिसले. घरी आणल्यावर मात्र तिसऱ्याच कॅसेटला त्याच्या आतला रबरी रोलर फीत ओढेनासा झाला आणि फीत चुरगळून बाहेर आली. सुदैवाने ती नाटकाची कॅसेट होती, लग्नाची नव्हती. वर्षानुवर्षे न वापरलेल्या यंत्रांत रबराचे पट्टे चिकट होतात आणि रोलर गुळगुळीत होऊन घसरतो, हे मला तेव्हा कळले. दुसरा व्हीसीआर दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांकडून, रोलर आणि पट्टे बदलून, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला घेतला आणि तो आजतागायत चालतो आहे. व्हीसीआर घेताना आपली एक बिनमहत्त्वाची कॅसेट बरोबर न्यावी, ती निदान अर्धा तास चालवावी, आणि पुढे-मागे वेगाने फिरवून पाहावी, एवढे तरी मी आता कोणालाही सांगेन.

फितीवरचे चित्र वाचणाऱ्या हेडची सफाई मी स्वतः करते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा हेड ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर, हलकेच धरून ड्रम हाताने फिरवायचा, तुकडा वर-खाली घासायचा नाही. घासला तर हेड मोडू शकते. कान साफ करायची कापसाची काडी यासाठी अजिबात वापरू नये, त्याचे तंतू अडकतात.

आता कॅप्चर उपकरणाकडे येते. पहिले, काही शे रुपयांचे, यूएसबीला लावायचे साधे उपकरण होते. त्याने चित्र पकडले, आवाज पकडला, आणि पहिल्या दहा मिनिटांत मी खूशही झाले. पण ताईच्या लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी, म्हणजे साधारण दीड तासानंतर, मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींचे ओठ आधी हलत आणि आवाज जवळजवळ सेकंदभराने मागून येई. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या फितीवरून येणाऱ्या सिग्नलची लय स्थिर नसते. आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे यायला हवीत, पण फीत ताणलेली असेल तर काही चित्रे किंचित लवकर येतात आणि काही उशिरा. स्वस्त उपकरण अशा वेळी चित्र गाळून टाकते किंवा तेच पुन्हा देते, आणि आवाज मात्र स्वतःच्या घड्याळाने पुढे जात राहतो. त्याचा दुसरा दोष मला जास्त लागला. उजळ भाग ते सरसकट कापून टाकत असे, त्यामुळे आजीच्या पांढऱ्या लुगड्याच्या सगळ्या घड्या नाहीशा होऊन त्या जागी नुसता पांढरा डाग उरला होता. फितीवर घड्या होत्या, फायलीत नव्हत्या.

मग मी चौपट किमतीचे दुसरे उपकरण घेतले, ज्यात उजळपणा आणि कॉन्ट्रास्ट कॅप्चरच्या आधीच कमी करता येतात. लुगड्याच्या घड्या परत आल्या. आवाजाचा प्रश्न मात्र कमी झाला तरी गेला नाही, आणि तो शेवटी सुटला तो एका अडगळीतल्या वस्तूने. मामांच्या माळ्यावर पडलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर मी मधे जोडला. म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल आधी त्यात आणि तिथून एस-व्हिडिओच्या (उजळपणा आणि रंग वेगवेगळे नेणाऱ्या) केबलने कॅप्चर उपकरणात. त्यावर डीव्हीडी लिहायची नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. काही रेकॉर्डर येणाऱ्या चित्राची प्रत्येक ओळ क्षणभर आपल्या स्मृतीत धरून जागेवर बसवूनच पुढे पाठवतात. सगळेच रेकॉर्डर असे करत नाहीत, माझ्या नशिबाने हा करतो. उभ्या खांबांच्या कडा वाऱ्यावरच्या पडद्यासारख्या थरथरत असत, त्या सरळ झाल्या, आणि तीन तासांच्या कॅसेटलाही ओठ व आवाज शेवटपर्यंत जुळलेले राहिले. म्हणजे फुकट मिळालेल्या यंत्राने जे केले ते विकत घेतलेल्या दोन उपकरणांना जमले नव्हते.

बाबांनी काटकसर म्हणून काही कॅसेट एलपी पद्धतीने भरल्या होत्या, म्हणजे तीन तासांच्या फितीवर सहा तास. त्यांचे चित्र कुठल्याही उपायाने फारसे सुधारले नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने मुळातच सुमारे २४० ओळींइतकाच तपशील मावतो, त्यातही फीत निम्म्या वेगाने फिरवलेली; तक्रार कोणाकडे करणार?

फायली मी ७२० बाय ५७६ या आकारात आणि तपशील न गमावणाऱ्या एफएफव्ही१ या पद्धतीने साठवल्या. तासाला सुमारे ३० ते ३५ जीबी जागा लागते, त्यामुळे आतापर्यंतच्या १५ कॅसेटचे ३८ तास साधारण सव्वा टीबीत बसले. हे काम कॅसेटच्याच वेगाने होते, घाई करता येत नाही, आणि शेजारी बसून लक्ष ठेवावे लागते. माझे रविवार त्यात गेले. मिनीडीव्हीचे मात्र अगदी वेगळे आहे. तिथे फितीवर आधीच डिजिटल माहिती असते आणि फायरवायर या जुन्या जोडणीच्या केबलने ती कॅमेऱ्यातून संगणकावर जशीच्या तशी उतरते, तासाला १३ जीबीच्या हिशेबाने. अडचण एवढीच की आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसते. मी एका परिचितांचा जुना डेस्कटॉप आठवडाभर मागून आणला आणि सहाही कॅसेट संपवल्या.

यापुढचे संकट मुंबईचे स्वतःचे आहे. जूनपासून हवेतला ओलावा इतका वाढतो की कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरट भुकटीसारखी बुरशी दिसू लागते. ट्रंकेच्या तळाशी असलेल्या दोन कॅसेटवर ती दिसली. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालणे म्हणजे बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरवणे. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. एसीच्या खोलीतून मिनीडीव्हीचा कॅमेरा बाहेर आणताच त्यावर दव साचल्याची सूचना आली आणि त्याने तासभर चालायला नकार दिला. तो नकार योग्यच होता, कारण ओल्या ड्रमला फीत चिकटते. तेव्हा ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ते डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे.

नॅसविषयी. दोन ४ टीबी डिस्क एकमेकींची प्रतिकृती म्हणून जोडल्या आहेत, म्हणजे हाती जागा येते ती एकाच डिस्कची, आणि यंत्रावर ती ३.६ टीबी दिसते; दुकानदाराने फसवले असे वाटून घेऊ नये, मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे. घरातल्या वायरच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, आणि या कामाला तो पुरून उरतो. आधी मी नॅस टीव्हीखालच्या दाराच्या कपाटात ठेवला होता. एप्रिलमध्ये डिस्कचे तापमान ५० अंशांच्या पुढे गेले, म्हणून दार काढून टाकले आणि ते आठ-नऊ अंशांनी उतरले, पण आता रात्री डिस्कची कुरकुर दिवाणखान्यात ऐकू येते. दोन खोल्यांच्या घरात ती लपवायला जागा नाही. मुंबईत वीज सहसा जात नाही, तरी पावसाळ्यात क्षणभराचे झटके बसतात, त्यासाठी छोटा यूपीएस लावला आहे.

मार्चमध्ये एक चूक माझ्या हातून झाली. फोल्डरची नावे बदलताना गणपतीचा पूर्ण फोल्डर मी पुसला आणि प्रतिकृती असल्यामुळे तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला गेला. दोन डिस्क म्हणजे डिस्क बिघडण्यापासून संरक्षण, आपल्या हातांपासून नव्हे. गणपतीच्या त्या दोन कॅसेट मी पुन्हा उतरवल्या. तेव्हापासून तिसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे आणि ती पार्ल्याला ताईकडे असते. दर दोन महिन्यांनी ती पिशवीत घालून, दादरला गाडी बदलून मी आणते आणि पुन्हा पोचवते.

टीव्हीवर पाहण्यासाठी मी वेगळ्या प्रती केल्या, कारण टीव्हीला मूळ फायली वाचता येत नाहीत. फाईल लहान करणाऱ्या एच.२६४ पद्धतीत, सेकंदाला ५० चित्रे ठेवून, तासाला तीन जीबीच्या आत त्या बसतात. ५० यासाठी की कॅसेटवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, सम आणि विषम ओळींत नोंदलेले असते; ते भाग एकत्र चिकटवले तर लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांना कंगव्याचे दाते फुटतात. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी हा बिघाड नव्हे. ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई, इतकेच. तिच्यावर मी काळी पट्टी टाकली. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केली आणि चित्राचे प्रमाण ४:३ ठेवले. आईला मात्र दोन्ही बाजूंच्या काळ्या जागा खटकतात. रिमोट तिच्या हाती असला की सगळी वऱ्हाडी मंडळी आडवी फुगतात आणि तिला ती तशीच आवडतात.

खर्चाचे म्हणाल तर सगळ्यांत जास्त पैसे नॅस आणि त्याच्या डिस्कवर गेले, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. स्वस्त कॅप्चर उपकरण आणि पहिला व्हीसीआर यांचे पैसे मात्र बुडाले. बुरशीच्या दोन्ही कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत. त्यांतल्या एकीवर बाबांच्या अक्षरात फक्त ‘आई – पंचाहत्तरी, भाग २’ असे लिहिलेले आहे, आणि डिसेंबरात ती साफ करून घेण्यासाठी दुरुस्तीवाल्या गृहस्थांशी बोलून ठेवले आहे.