'प्युअर कॉपर' ट्रान्सफॉर्मर घेताना ब्लेड जवळ ठेवा

बेळगावात अँप्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायला निघाला असाल तर 'प्युअर कॉपर' हे स्टिकर वाचून पैसे मोजू नका.

खानापूरकडच्या आमच्या देवळातल्या भजनासाठी मी अँप्लिफायर जुळवत होतो. शहरातल्या एका दुकानातून 25-0-25 (मधल्या तारेपासून दोन्हीकडे 25-25 व्होल्ट एसी देणारा), 5 अँपियरचा ट्रान्सफॉर्मर आणि डीसी सपाट करायला 10000 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचे दोन कॅपॅसिटर आणले. मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब लावून चालू केलं; शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटून राहतो. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. दोन्ही बाजूंना 35 व्होल्ट डीसी आले; एसीच्या 25 ला 1.414 नं गुणलं की डीसी तेवढेच यायला हवेत. पण पखवाजाची थाप पडली की आवाज फाटायचा आणि मागून घरघर यायची.

अर्थिंग पाहिलं, शिल्डेड वायर बदलली. फरक शून्य. मग अँप्लिफायरचा बोर्ड सोडवून नुसत्या सप्लायवर लोड टाकला: दर बाजूला गाडीच्या इंडिकेटरचे 12 व्होल्ट, 21 वॉटचे तीन बल्ब सिरीजमध्ये. पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट, 5 अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरला एवढं जड जायला नको. व्होल्टेज धाडकन 26 वर आलं. बिनलोडचं रीडिंग काहीच सांगत नाही, ते असं.

कॅपॅसिटर रेझिस्टरनं डिस्चार्ज करून मोजले तर 10000 ऐवजी 2200 मायक्रोफॅरडच्या आतबाहेर. एकाचा डबा कापला. आत दुसराच छोटा कॅपॅसिटर, वरची जागा पोकळ!

ट्रान्सफॉर्मर मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या मामांकडे नेला. हातात घेताच म्हणाले, "हलका हाय की गा." बाहेर दिसणाऱ्या लीड तांब्याच्याच होत्या, आतल्या तारेचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा थर) ब्लेडनं खरवडलं तर पांढरी शुभ्र ॲल्युमिनियम. (टोकाशी खरवडू नका, तिथं सोल्डरमुळं तांबंही पांढरं दिसतं.) ॲल्युमिनियम वापरणं हा गुन्हा नव्हे, तार जाड घेतली तर चालतंही. पण त्याच गेजची (जाडीची) तार घातली की रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त होतो, आणि दर मात्र तांब्याचा लावलेला!

दुकानदार आधी म्हणाला, "कंपनीकडनंच तसा येतोय वो, आम्ही काय करणार?" खरवडलेली तार समोर धरल्यावर कॅपॅसिटरचे पैसे दिले, ट्रान्सफॉर्मरचे नाही. बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिकल सामान'. तुम्ही 'कॉपर वाइंडिंग, 25-0-25, 5 अँपियर' असं लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, पण असल्या मोघम बिलावर तिथं भांडणार काय?

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या चांगल्या आहेत, म्हणून मामा त्यांच्यावरच तांब्याची तार गुंडाळून देणार आहेत. तार माझ्यासमोर वजन करून घ्यायची, असं आधीच ठरलंय.