आजी-आजोबांच्या गाडीतली चाइल्ड सीट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी जुनी हॅचबॅक, आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट अडकवायचे, हूक नसलेली. सीट गाडीच्याच बेल्टनं बांधायची, ग्रुप ०+/१ ची, म्हणजे जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी, ईसीई आर४४/०४ या युरोपीय सुरक्षा-मानकाचं केशरी लेबल असलेली. जुलैत घेतली, आता एप्रिल. या काळात बेळगाव-कोल्हापूर हायवे, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट, शिनोळीमार्गे आंबोली आणि गोकाक धबधबा अशा चारही तऱ्हेच्या रस्त्यांवर वापरून झाली. नात सव्वातीन वर्षांची. तेरा किलो भरेपर्यंत ती मागे तोंड करून बसायची, आता पुढे तोंड करून बसते.

सीट चांगली आहे. पण ती बांधायची, सोडवायची ती साठी ओलांडलेल्या हातांनी, आणि दुकानात हे कोणी विचारत नाही. तिथं पोराचं वजन विचारतात, वय विचारतात. आजोबांना मागच्या सीटवर गुडघा टेकवता येतो का, आजीच्या अंगठ्यात जोर आहे का, हे खरं आधी बघायला हवं.

बांधण्यापासून सुरू करतो, कारण नव्वद टक्के घोळ तिथंच. सीटच्या बाजूला निळ्या आणि लाल खुणा असतात. निळी खूण मागे तोंड करताना बेल्ट कुठून जातो ती, लाल पुढे तोंड करतानाची. दिशा बदलली की बेल्टची वाटही बदलते. आधी रिक्लाइन, म्हणजे सीटचा मागे कलण्याचा कोन, ठरवायचं, मग बेल्ट ओवायचा, पीळ पडलेला नाही ना बघायचं, बकल लावायचं. त्यानंतर सीटमध्ये गुडघा टेकवून अंगाचा भार द्यायचा आणि मांडीवरच्या पट्ट्यातली ढील खांद्याच्या पट्ट्याकडे ओढून काढायची. शेवटी लॉक-ऑफ क्लिप, म्हणजे ओढलेला बेल्ट सुटू न देणारा सीटवरचा चिमटा, दाबून बंद करायची. बेल्ट जिथून जातो तिथं सीट धरून डावीकडे-उजवीकडे हलवायची. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा पहिल्यापासून. वरचा भाग थोडा हलतोच, तो मोजायचा नाही.

लॉक-ऑफ क्लिपचं महत्त्व आम्हाला दुकानात सांगितलंच नव्हतं. ‘नुसता बेल्ट लावा, बास’ एवढंच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा मागचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी हळूहळू सुटत राहतो. क्लिप उघडी राहिली तर चोर्ल्याच्या वळणांवर सीट दर वळणाला केसभर डोलते आणि घाट उतरेस्तोवर चांगली चार बोटं ढील पडलेली असते. क्लिप बंद असली तरी पहिल्या थांब्याला एकदा हलवून बघावं, कारण गाडीच्या सीटचा फोम भारानं बसतो.

आजोबांचे गुडघे दुखत असतील तर ‘गुडघा टेकवा’ हा सल्ला कागदावरच राहतो. आम्ही केलं ते असं: एकानं पलीकडच्या दारातून दोन्ही तळहातांनी सीट खाली दाबायची, दुसऱ्यानं अलीकडून बेल्ट ओढायचा. दोन माणसं, दहा मिनिटं. एकट्यानं करायचं तर वीस मिनिटं आणि कंबर. म्हणूनच ही सीट रोज काढा-घाला करणाऱ्यांसाठी नाही. एका गाडीत एकदा बांधली की महिनाभर हलवू नये.

जागा कुठली? मागची डावी. रस्त्याच्या कडेला गाडी थांबली की दार कडेच्या बाजूला उघडतं. हत्तरगीचा टोल ओलांडून चहाला थांबलं तरी उजवीकडून ट्रक जात असतात. मधल्या जागेवर आमच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे, तिथं ही सीट बसत नाही. आजीनं मागे उजवीकडे बसायचं, स्वतःचा बेल्ट लावूनच. मागे तोंड केलेली सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही नाही. एअरबॅग फुटली की ती थेट सीटच्या पाठीवर आदळते. मागे बांधली तरी पुढची डावी सीट बरीच सरकवावी लागते, उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात.

आता बकल. लाल बटण दाबायला जोर लागतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो: आर४४ मध्ये ४० ते ८० न्यूटन, म्हणजे अंगठ्यावर साधारण ४ ते ८ किलो. पोरानं स्वतः उघडू नये म्हणून. संधिवाताच्या बोटांना मात्र हे भारी पडतं. उपाय एकच सापडला: आधी पुढचं बटण दाबून खांद्याचे पट्टे सैल करायचे, मगच लाल बटणाला हात लावायचा. ताण गेला की तेच बटण बरंच हलकं लागतं. लावताना दोन्ही जिभा एकमेकींत अडकवून एकदमच खाली घालायच्या. एकेक घालायला गेलात तर बसत नाहीत.

आणि ‘टक’ आवाज आलाच पाहिजे. डिसेंबरात तो येईनासा झाला. राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा आत गेला होता, गुळानं चिकटलेला. मधला पट्टा सीटच्या खालून लोखंडी पट्टी आडवी करून काढला, बकल कोमट पाण्यात धरून बटण पंधरा-वीस वेळा दाबलं, झटकलं, सावलीत वाळवलं. साबण नाही, तेल तर अजिबात नाही. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा तेच. आता गाडीत लाडू बंद, चिरमुरेही बंद. शेंगदाणे, फुटाणे आणि गोकाकचं करदंट (सुकामेवा-डिंकाची मिठाई) गाडी थांबल्यावरच, आणि शेंगदाणे तेही कूट करून. चालत्या गाडीत एवढ्या लहान पोराच्या घशात अडकलं तर काढायला कोणाचा हात वेळेत पोचत नाही.

पट्टा किती घट्ट? खांद्यावर चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर सैल. बेळगावच्या थंडीत इथं हमखास चूक होते: जाड स्वेटर घालून बांधलं की पट्टा घट्ट वाटतो, पण आदळल्यावर स्वेटर दबतो आणि पोर पुढे सरकतं. स्वेटर काढून बांधा, वरून शाल द्या. पावसाळ्यात रेनकोटचंही तेच. सौंदत्तीला जाताना आजीला नातीला परकर-पोलकं घालायची हौस असते. मधला पट्टा पायांमधून यावा लागतो, परकर गोळा होऊन तो नीट बसत नाही. परकर पिशवीत, डोंगरावर पोचल्यावर घालायचा.

हवेचं बघायचं तर या जिल्ह्याची दोन टोकं दोन तऱ्हेची. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात कव्हरला ओल धरते, कुबट वास येतो. कव्हर धुतलं तर जुलै-ऑगस्टात वाळायला दोन-तीन दिवस. जादा कव्हर मिळत असेल तर सीटबरोबरच मागवा. पट्टे मात्र धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. कव्हर काढण्याआधी पट्टे कसे ओवलेत त्याचे फोटो काढून ठेवा. आम्ही काढले नाहीत आणि एक पट्टा पिळासकट परत ओवला. उलट गोकाकच्या बाजूला एप्रिलात उन्हात गाडी लावली तर बकलचं लोखंड मांडीला चटका देतं. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचा, बसवण्याआधी उलट्या हातानं बकलला शिवून बघायचं.

झोपली की मान पुढे पडते, ही सगळ्यांचीच तक्रार. मानेमागे उशी देऊ नका, ती डोकं आणखी पुढे ढकलते. रिक्लाइन एक घर मागे घ्यायचं, मग बेल्ट पुन्हा ओढायचा. आंबोलीपर्यंतच्या सत्तरेक किलोमीटरला एक थांबा पुरतो, कोल्हापूरच्या ११० ला दोन.

माहितीपुस्तक फक्त इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. आम्ही पायऱ्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहून मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. दंडाचं म्हणाल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर, कलम १९४ब प्रमाणे, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास १,००० रुपये. तो कोणाला झालेला पाहण्यात नाही. सीट घ्यायचं कारणही ते नव्हे.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेऊ का? आयसोफिक्स असलेली गाडी असेल तर नाही. हूक अडकवून हिरवी खूण दिसली आणि वरचा टेदर, म्हणजे सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, मागच्या ठरलेल्या कडीला लावून ताणला की झालं. गुडघ्याचा प्रश्नच मिटतो. फक्त डिकीतल्या सामान बांधायच्या हुकाला टेदर लावू नका, दिसायला दोन्ही सारखेच. जुन्या गाडीत मात्र हीच, आणि दुकानात बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बघूनच.

पुढे तोंड करून बसवताना पट्टा खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित वरून यावा लागतो. सध्या खांदा सगळ्यात वरच्या भोकाच्या दोन बोटं खाली आहे. तो त्या भोकाच्या वर गेला की, वजन १८ किलो झालेलं नसलं तरी, ही सीट माळ्यावर आणि बूस्टर, म्हणजे गाडीचाच बेल्ट पोराला नीट बसावा म्हणून उंच करणारी सीट, आणायचा.