भाव काढायचं अ‍ॅप, आठ महिने वापरल्यावर

मी कापडी पिशव्या शिवून विकते आणि आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझी भाव काढायची पद्धत एकच, जेवढ्याला पडलं त्यात पंचवीस टक्के मिळवायचे, वर टॅक्स लावायचा, झालं. हे अ‍ॅप घेतलं ते नुसतं कॅल्क्युलेटर बडवून कंटाळा आला म्हणून. नाव देत नाही, असली बरीच आहेत.

पहिल्याच दिवशी वाजलं. खर्च 100, नफा 25 टाकला तर उत्तर 133.33. मला वाटलं बिघडलंय, मग दिसलं की मार्कअप (खर्चावर टक्के) आणि मार्जिन (विक्रीच्या भावावर टक्के) अशी दोन बटणं आहेत आणि मी मार्जिनवर होते. 100 चे 125 केले तर मार्कअप 25, पण 125 च्या विक्रीत 25 सुटले म्हणजे मार्जिन 20 च. खरंच 25 हवं तर 100 भागिले 0.75. इतकी वर्षं सगळ्यांना ऐटीत सांगत होते माझं मार्जिन पंचवीस आहे म्हणून!

टॅक्सचंही तेच. 20% टॅक्स धरून 120 ला विकलं की मी 120 चे 20% म्हणजे 24 बाजूला काढायचे, खरं तर 120 भागिले 1.20, टॅक्स 20 च. आणि खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळत असेल तर तो खर्चात धरायचा नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये टिक आहे, ती आधी बघा नाहीतर भाव उगाच फुगतो.

खरा उपयोग झाला तो कमिशनला. ऑनलाइन विकताना माझ्याकडून 10% कमिशन गिऱ्हाईक भरतं त्या टॅक्ससकट रकमेवर कापतात. मी खर्च 100, त्यावर नफ्याचे 20, कमिशनचे 10, असे 130 करून मोकळी व्हायचे. त्यावर 20% टॅक्स म्हणजे 156, कमिशन गेलं 15.60, टॅक्स आणि खर्च जाऊन हातात 14.40, 130 च्या जेमतेम 11%. 20% मार्जिन मागितल्यावर अ‍ॅपने काढले टॅक्सआधी 147.06, टॅक्ससकट 176.47. विश्वास बसेना म्हणून कागदावर केलं, कमिशन 17.65 जाऊन 29.41 उरतात, बरोबर 20%. पण भाव एकदम एवढा वाढवायचा धीर होईना, दोन टप्प्यांत वाढवला.

डिस्काउंटचा रकाना तर बघवत नाही, 125 वर 10% सोडले की 112.50, म्हणजे अर्धा नफा गेला की हो.

आता तक्रारी. ठरलेला खर्च, भाडं लाइट बिल वगैरे, ते नगांवर वाटतं पण नग किती खपणार हे आपणच सांगायचं, मी 1000 खर्चाला 200 नग टाकले, खपले 120, म्हणजे नगामागे 5 धरलेले ते 8.33 पडले आणि अ‍ॅप गप्प. स्वतःच्या मजुरीला वेगळा रकाना नाही, 'इतर' मध्ये टाकायची, मी दोन महिने तो कोराच सोडला होता (शिवणारी मीच, तरी).

आणि घट. कापडात 5% वाया जातं तर 100 भागिले 0.95, म्हणजे 105.26 धरायला हवेत, हे अ‍ॅप सरळ 5 मिळवून 105 करतं. मला मार्जिन शिकवणाऱ्याने स्वतः तीच चूक करावी! कळवलं, अजून उत्तर नाही, तोवर घटीच्या रकान्यात मी 5.26 टाकते.