अमृतसर-जामनगर एक्सप्रेसवे: हनुमानगड ते विटा, तीन ट्रिपनंतरचा रिव्ह्यू

आम्ही गलाईवाले. गाव सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला, दुकान राजस्थानात हनुमानगडला. आजोबा दुष्काळाला कंटाळून बाहेर पडले ते सोनंचांदी आटवायचं काम शिकत शिकत तिकडं पोचले आणि तिथंच आमच्या तीन पिढ्या झाल्या. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडच्या लोकांना हे सांगायला नको, प्रत्येक भावकीत दोन-चार घरं अशी लांब आहेतच. सांगायचं ते एवढ्यासाठी की आमच्यासारख्याला गावाला जायचा रस्ता कसा आहे हा काय सुट्टीतला विषय नाही, जत्रा, लग्न, आजारपण, मयत सगळं त्याच रस्त्यावरनं गाठावं लागतं.

पूर्वी आम्ही सुरतगड, बीकानेर, नागौर, जोधपूर, पाली, सिरोही असं करत पालनपूरला उतरायचो. चौदा-पंधरा तास. प्रत्येक गावात स्पीडब्रेकर, बायपास अर्धवट, ट्रकांच्या रांगा, आणि पालनपूर आलं म्हणजे अजून निम्मा प्रवास पण झालेला नसायचा. आता अमृतसर-जामनगरवरनं सांचोरपर्यंत आणि तिथनं थराद, डीसा करत पालनपूर, जेवणखाण धरून दहा तास लागतात. तीनदा केलंय, एकदा भर मे महिन्यात, एकदा दिवाळीला आणि एकदा रात्रीचं, त्यामुळं ऐकीव काही लिहीत नाही.

आधी रस्ता काय आहे ते. पूर्ण कॉरिडॉर साधारण साडेबाराशे किलोमीटरचा, पंजाबातनं हरियाणाचा कोपरा घेऊन राजस्थान आणि मग गुजरात. त्यातला राजस्थानातला सहा लेनचा नवाकोरा भाग हनुमानगड जिल्ह्यातल्या जाखडावाली गावापासून जालोर जिल्ह्यातल्या खेतलावासपर्यंत, पाचशे किलोमीटरच्या वर. ८ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी बीकानेरजवळ त्याचं उद्घाटन केलं, खर्च साधारण ११,१२५ कोटी. आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४ किलोमीटरचा, म्हणजे तसले पाच एकापुढं एक जोडले आणि मधी एकही घाट नाही असं समजा. लोकांना वाटतं हा बॉर्डरला जाऊन टेकतो. तसं नाही, पाकिस्तानची हद्द उजव्या हाताला ठेवून हा तिला समांतर खाली उतरतो आणि बॉर्डरकडं जाणारे छोटे रस्ते याला येऊन मिळतात. भटिंडा, पचपदरा आणि जामनगर अशा तीन रिफायनऱ्या एका दोरीत ओवायच्या आणि सैन्याला पण वर-खाली लवकर हलता यावं, असा दुहेरी हिशोब. हा रस्ता केंद्राच्या भारतमाला या हायवे बांधायच्या योजनेतला. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१७ ला मंजूर झाला तेव्हा ३४,८०० किलोमीटरमधले २,००० किलोमीटर खास सीमेकडचे आणि शेजारच्या देशांना जोडणारे रस्ते धरले होते, म्हणजे सीमेकडच्या भागाचा पण वेगळा विचार होता.

चालवायला? लय भारी. सुरुवातीला कालव्याच्या पाण्यावरची हिरवी शेती, कापूस, गहू, मग हळूहळू माती पिवळी होत जाते आणि बीकानेरच्या पुढं नुसती वाळू, खेजडीची झाडं आणि सरळ काळा रस्ता. बाईक नाही, ट्रॅक्टर नाही, उलट्या बाजूनं येणारा उसाचा ट्रेलर नाही (कराड-विटा रस्त्यावर हंगामात रात्री गाडी चालवलेल्याला याची किंमत कळेल). गाडी एका गतीला लावली की मायलेज पण चांगलं मिळतं, आमच्या डिझेल गाडीला जुन्या रस्त्यापेक्षा लिटरमागं तीन किलोमीटर जास्त पडलं.

पण एक तक्रार मनापासून करणार. मे महिन्यात आलो तेव्हा दुपारी दोनला बीकानेर मागं टाकलं आणि पुढं सुमारे दीडशे किलोमीटर आम्हाला रस्त्याला लागून एकही चालू पंप मिळाला नाही, एकही बायकांना जाता येईल असं संडास नाही. जागा सोडलेल्या दिसतात, एका ठिकाणी इमारत पण उभी होती, पण दाराला कुलूप. बायको म्हणाली, "अहो, पोरीला जायचंय, थांबवा कुठंतरी." थांबवणार कुठं, एक्सप्रेसवेवर कडेला गाडी उभी करणं म्हणजे जीवाशी खेळ. शेवटी इंटरचेंजवरनं खाली उतरून एका गावात गेलो, तिथल्या एका बाईनं घरात नेलं, पाणी दिलं, ताक दिलं, पैसे घेतले नाहीत. हजारो कोटीच्या रस्त्यावर चार संडास वेळेत चालू करता आले नाहीत याचा मला खरंच राग आला. दिवाळीच्या ट्रिपला दोन ठिकाणी पंप आणि चहानाष्टा सुरू झालेला दिसला, म्हणजे सुधारतंय, पण तरी टाकी फुल करून आणि माणशी तीन लिटर पाणी घेऊनच चढा.

दुसरं, रात्री जाऊ नका. मी गेलो एकदा, आईला दवाखान्यात ॲडमिट केल्याचा फोन आला म्हणून. कुंपण आहे पण ठिकठिकाणी तोडलेलं, आणि नोख्याच्या पुढं कुठंतरी डिव्हायडरला चिकटून नीलगाय उभी, हेडलाईटमधे आधी नुसते डोळे दिसले. नशीब म्हणून वाचलो. वळणं नसल्यामुळं झोप पण अशी येते की डोळे उघडे असून माणूस झोपतो. दर दीड तासाला ड्रायव्हर बदला नाहीतर खाली उतरा. पुलाच्या आधी-नंतर गाडी उचलते ते पण लक्षात ठेवा, भरावाची माती बसते आणि पूल आहे तिथंच राहतो म्हणून तिथं उंचवटा तयार होतो, शंभरच्या स्पीडला मागच्या सीटवरच्याचं डोकं टपाला लागतं. वारा सुटला की कडेच्या लेनवर वाळू येते, डावीकडची लेन सोडून चाला.

टोल अंतरावर आहे, चढताना नोंद आणि उतरताना पैसे. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला (तेव्हा ३,००० रुपयांचा) फास्टॅग वार्षिक पास काढला असेल तर चढणं-उतरणं मिळून एकच ट्रिप धरली जाते, २०० ट्रिप नाहीतर एक वर्ष, जे आधी संपेल ते. तोच पास आपल्या पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या आनेवाडी, तासवडे टोलनाक्याला चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालत नाही. गलाईवाल्यांनी काढाच.

आता जे लिहायला खरं म्हणजे बसलो ते. त्या गावात ताक पिताना बाईंचा सासरा बाहेर बाजेवर बसला होता. त्याचं रान रस्त्यात गेलं, मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार ही की रान मधोमध चिरलं, ट्यूबवेल अलीकडं आणि दोन वाटे जमीन पलीकडं. असल्या रस्त्यावर माणूस मधनं ओलांडू शकत नाही, खालनं भुयारी वाट असेल तिथनंच जायचं, ती त्याच्यापासून अडीच किलोमीटर लांब. पाण्याची पाइप रस्त्याखालनं न्यायला आता परवानगी मागतोय. म्हणाला, मोजणीवाले आले तेव्हा आम्ही फक्त दर किती ते विचारलं, पाणी कुठनं जाणार ते कोणी विचारलंच नाही.

हे ऐकून मला तासगावच्या बागा दिसल्या. आपल्याकडं कृष्णेवरनं, टेंभूच्या पाण्यावरनं, शेततळ्यावरनं किती लांब लांब पाइपलाइनी आहेत, एका बागेचं पाणी दहा जणांच्या बांधाखालनं येतं. तिथं वाळवंटात एक ट्यूबवेल अडकली, इथं एका रेघेत निम्मं गाव कोरडं पडंल. पुणे-बंगळुरूचा नवा हायवे आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतनं आखलाय, शक्तीपीठ महामार्गावरनं तर किती रान उठलंय ते सगळे बघतायत. रस्ता हवा का नको यावर गावात दोन तट आहेत आणि मी लांब राहणारा, माझं मत लादणार नाही. पण नॅशनल हायवेच्या कायद्यात थ्री-एची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी नोटीस प्रसिद्ध झाली की २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची असते, तो दिवस चुकवू नका. आणि संयुक्त मोजणीला माणूस आला की विहीर, बोअर, पाइपलाइन, बागेचा मांडव सगळं कागदावर चढवून घ्या, भुयारी वाट कुठं आणि पाण्यासाठी आडवा पाइप कुठं हे नकाशावर दाखवायला लावा. भराव पडल्यावर रस्ता फोडायला कोणी देत नाही.

मी घरी आल्यावर आण्णांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी त्याच दिवशी आमच्या सामायिक पाइपलाइनीचा जुना करारपत्राचा कागद पेटीतनं काढला, १९९४ चा, त्यावर सही केलेल्यांतले चौघं आता नाहीत. चुलतभाऊ त्यांच्या वारसांकडं जाऊन नव्यानं सह्या घेतोय.

चालवायला पाचपैकी साडेचार, सोयीला दोन. दिवसा, टाकी फुल करून, दोन ड्रायव्हर घेऊन जाणार असाल तर डोळे झाकून हाच रस्ता घ्या. पोरं बरोबर असतील आणि वेळ असेल तर सांचोरजवळनं गांधव-सट्टाकडचा ९२५-ए हायवे पण दाखवा, तिथं ३ किलोमीटरचा रस्ता विमान उतरायला बनवलाय, सप्टेंबर २०२१ ला हवाई दलाचं विमान संरक्षणमंत्र्यांना घेऊन तिथं उतरलं होतं, बॉर्डर तिथनं साधारण ४० किलोमीटर. माझा मुलगा गाडीतनं उतरून डांबराला हात लावून आला.