जर्मन नागरिकत्व : वास्तव्याने, विवाहाने, जन्माने की वारशाने?

27 जून 2024 रोजी जर्मनीचा सुधारित नागरिकत्व कायदा अमलात आला. मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची अट त्यातून गेली आणि आता दोन्ही पासपोर्ट बाळगता येतील, असे जर्मनीतल्या अनेक भारतीयांना वाटू लागले. भारतीय नागरिकांपुरता हा समज चुकीचा आहे. जर्मनीने आपली अट काढली असली, तरी भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील कलम 9 कायम आहे आणि स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व त्यानुसार आपोआप संपते. त्यामुळे पुढील प्रत्येक मार्ग तपासताना जर्मनी काय मागते याबरोबरच भारतातले काय सुटते, हेही पाहावे लागते.

नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेल्या बहुतेकांसमोर वास्तव्याचा मार्ग असतो. पूर्वी आठ वर्षांच्या वास्तव्याची अट होती, ती आता पाच वर्षांची आहे. विशेष प्रावीण्य दाखवणाऱ्यांसाठी 2024 मध्ये तीन वर्षांची सवलत आली होती; ती ऑक्टोबर 2025 मध्ये रद्द झाली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बेत आखू नये. अर्जदाराला बी1 पातळीचे, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः करता येतील इतके, जर्मन यावे लागते, सरकारी निर्वाह भत्त्याशिवाय स्वतःचा व कुटुंबाचा खर्च चालवता यावा लागतो आणि नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षेत 33 प्रश्न असतात व त्यांतील 17 बरोबर आल्यास पुरते. सर्व 310 प्रश्न आधीच जाहीर असल्याने ही परीक्षा फार थोड्यांना अडवते. भाषेची अट मात्र खरोखर कस पाहते, विशेषतः ज्यांचे कार्यालय पूर्णपणे इंग्रजीत चालते त्यांचा. अर्जासाठी आधी पीआर, म्हणजे कायमचा वास्तव्य परवाना, मिळालेलाच असावा लागतो, हाही एक गैरसमज आहे. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, असतानाही अर्ज करता येतो, विद्यार्थी परवान्यावर मात्र येत नाही. शुल्क प्रौढांसाठी 255 युरो आणि आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या, स्वतःचे उत्पन्न नसलेल्या अल्पवयीन मुलांसाठी 51 युरो आहे.

जोडीदार जर्मन नागरिक असेल तर जर्मनीतील तीन वर्षांचे वास्तव्य आणि दोन वर्षांचा विवाह पुरेसा धरला जातो. भाषा, परीक्षा व उत्पन्न यांच्या अटी याही मार्गात सुटत नाहीत. म्हणजे वाचतात ती फक्त दोन वर्षे, आणि निर्णय होण्याआधी विवाह मोडला तर तीही वाचत नाहीत. पाच वर्षांच्या जवळ पोहोचलेल्याने निव्वळ घाईपोटी हा मार्ग धरण्यात फारसे हशील नाही.

जर्मनीत जन्मलेल्या मुलाचे गणित वेगळे आहे. जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एकाचे तेथे पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य झालेले असेल आणि त्यांच्याकडे कायमचा वास्तव्य परवाना असेल, तर मूल अर्ज न करताच जर्मन नागरिक ठरते. वास्तव्याच्या मार्गात दुय्यम वाटणारा पीआर येथे निर्णायक होतो. मूल होऊ घातलेल्या जोडप्याने, स्वतः भारतीय नागरिक राहायचे ठरवले असले तरीही, पीआर वेळेत मिळवून ठेवावा.

आता वारशाचे मार्ग पाहू. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध थोड्या कुटुंबांपुरताच आहे. पण ज्यांना ते लागू होतात त्यांच्यासाठी तेच सर्वांत सोपे आहेत, कारण त्यांत जर्मनीतील वास्तव्य, भाषा, परीक्षा किंवा शुल्क यांपैकी काहीच लागत नाही.

1930 च्या दशकात नाझी राजवटीच्या छळामुळे देश सोडलेल्या काही जणांनी मुंबईत आसरा घेतला. पुढे कलासमीक्षक म्हणून गाजलेले रूडॉल्फ फॉन लायडन हे त्यांच्यापैकीच. 30 जानेवारी 1933 ते 8 मे 1945 या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणाने ज्यांचे नागरिकत्व हिरावले गेले, त्यांना व त्यांच्या वंशजांना ते परत मागण्याचा हक्क जर्मन राज्यघटनेच्या कलम 116 ने दिला आहे. ज्यांनी छळामुळे परदेश गाठला आणि 26 फेब्रुवारी 1955 पूर्वी दुसरे नागरिकत्व घेतल्याने जर्मन नागरिकत्व गमावले, त्यांच्या वंशजांसाठी 2021 पासून जर्मन नागरिकत्व कायद्याचे कलम 15 आहे.

दुसरा गट याहून जवळचा. 1 जानेवारी 1975 पूर्वी परदेशी पित्याशी विवाहित जर्मन मातेच्या मुलांना आईचे नागरिकत्व सहसा मिळत नसे. त्या काळी जर्मनीत शिकायला गेलेल्या आणि जर्मन पत्नीसह परतलेल्या अभियंत्यांची मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. राज्यघटना अमलात आल्यानंतर, म्हणजे 23 मे 1949 नंतर, जन्मलेली अशी मुले आणि त्यांचे वंशज केवळ घोषणा करून नागरिक होऊ शकतात. ही मुदत 19 ऑगस्ट 2031 रोजी संपते. भारतातून कागद दूतावासामार्फत कोलोन येथील संघीय प्रशासन कार्यालयाकडे जातात. आईचा त्या वेळचा जर्मन पासपोर्ट आणि आईवडिलांचा विवाह दाखला आधी शोधावा, कारण खरा वेळ तिथेच जातो.

27 जून 2024 पूर्वी पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यामुळे जर्मन नागरिकत्व गमावलेल्यांना मात्र नव्या कायद्याने ते आपोआप परत मिळालेले नाही. त्यांना पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत तो मान्य करणे प्रशासनाच्या मर्जीवर असते.

भारताची बाजू पाहिली तर अर्ज, विवाह, पुनर्प्राप्ती किंवा घोषणा या सर्वांचा परिणाम एकच होतो. जर्मन नागरिकत्व प्रमाणपत्र हाती पडते त्या क्षणापासून (घोषणेच्या मार्गात, वैध घोषणा संबंधित कार्यालयाकडे पोहोचते तेव्हापासून) लागू होते आणि त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून त्याचा दाखला घ्यायचा आणि त्यानंतर ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा. प्रमाणपत्र स्वीकारल्यावर जुन्या पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, म्हणून गणपतीला घरी जायची तिकिटे काढण्यापूर्वी प्रमाणपत्र देण्याच्या समारंभाची तारीख पाहून घ्यावी. ओसीआयमुळे आजीवन व्हिसा मिळतो, पण मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क मिळत नाही. शेतजमीन विकतही घेता येत नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावरची जमीन वारसाने मिळू शकते, मात्र पुढे ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

माझ्या मते खरी निवड या मार्गांमध्ये क्वचितच असते. ती नागरिकत्व आणि पीआर यांच्यात असते. जर्मनीतच राहून नोकरी करण्यासाठी पीआर पुरतो आणि भारतीय पासपोर्टही हातात राहतो. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो, आणि युरोपीय संघातील दुसऱ्या देशात जाऊन मुक्तपणे राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी वर्षभर पुण्यात राहावे लागेल असा अंदाज असेल, तर तेवढ्या काळासाठी पीआर टिकवून ठेवण्याची परवानगी परदेशी नागरिक कार्यालयाकडून निघण्यापूर्वीच मागावी लागते.