मिड-मोटर स्पर्धा-बग्गीचे किट: एका मिलिमीटरची परीक्षा

रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गीचे स्पर्धेच्या दर्जाचे किट घेणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवशी गाडी येत नाही, सुट्या भागांच्या पिशव्यांनी भरलेले खोके येते. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, बॅटरी आणि पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गियर) हे सगळे वेगळे घ्यावे लागते. बहुतेक वेळा टायरही खोक्यात नसतात, आणि बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असल्यामुळे ती आतल्या बाजूने रंगवणे, कापणे आणि बसवणे हेही घेणाऱ्याच्याच वाट्याला येते. येथे ज्या किटविषयी लिहितो आहे ते १:१० मापाचे, फक्त मागच्या चाकांना चालना देणारे आणि मिड-मोटर रचनेचे, म्हणजे मोटर मागच्या आसाच्या पुढे ठेवणारे आहे. निर्मात्याचे नाव मी घेत नाही, कारण या वर्गातली आघाडीची किट रचनेने आता एकमेकांच्या इतकी जवळ आली आहेत की पुढच्या मजकुरातले बरेचसे शेजारच्या खोक्यालाही लागू पडेल.

अशा किटकडे मी एकाच प्रश्नाने पाहतो: एखाद्या ठिकाणी १ मिमीचा वॉशर टाकला, तर तो बदल रिमोटच्या ट्रिगरवरच्या बोटाला कळतो का, आणि वॉशर काढून घेतल्यावर गाडी पुन्हा पहिल्यासारखी धावते का? वेग मोटर देते आणि पकड टायर देतात. किटने द्यायची गोष्ट म्हणजे ही पुनरावृत्ती. सुमारे पन्नास बॅटऱ्या, म्हणजे पन्नास वेळा चार्ज केलेली बॅटरी, वापरून झाल्यावर माझे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे, मात्र हा होकार खोक्यातून आयता मिळालेला नाही.

जुळणीची पुस्तिका चित्रांपुरती उत्तम आहे. प्रत्येक टप्प्याची पिशवी वेगळी आहे आणि स्क्रू खऱ्या आकारात छापलेले असल्यामुळे ते कागदावर ठेवून लांबी पडताळता येते. १.५, २ आणि २.५ मिमीचे कडक पोलादाचे षटकोनी ड्रायव्हर मात्र हवेतच. खोक्यातल्या वाकड्या किल्ल्यांनी स्क्रूची डोकी खराब होतात, आणि डोके घासलेला स्क्रू काढण्यात गेलेली संध्याकाळ परत मिळत नाही. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) धातूत धातू जाईल तेथेच लावावा. प्लॅस्टिकला तो लागला तर काही प्रकारचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते. पुस्तिका हे एकदाच, तेही बारीक अक्षरात सांगते.

पुस्तिकेविषयी माझी खरी तक्रार टर्नबकलच्या, म्हणजे दोन्ही टोकांना उलट आटे असलेल्या आणि फिरवून लांबी बदलता येणाऱ्या दांड्यांच्या, लांबीबद्दल आहे. चित्रातल्या मापाप्रमाणे चारही कॅम्बर-लिंक (चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, ठरवणारे टर्नबकल) काटेकोरपणे बनवल्या, गाडी सपाट काचेवर ठेवली आणि गेज लावला, तेव्हा मागच्या चाकांचा कॅम्बर ऋण ३ अंशांच्या आसपास निघाला, जो याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरच्या सेटअप-तक्त्यात ऋण १ अंश दिला आहे. लिंक फिरवून तो जुळवता येतो हे खरे. पण पहिल्यांदाच किट बांधणारा माणूस चित्रावर विश्वास ठेवणार आणि टायरची आतली कड लवकर का झिजते याचा विचार करत बसणार. टर्नबकल बसवताना त्यांच्यावरची खाच सगळीकडे एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उलटे-सुलटे आटे कोणत्या टोकाला आहेत हे धुळीने माखलेल्या गाडीवरही चटकन समजते.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनच्या आर्मची. पिन घातल्यावर प्रत्येक आर्म केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. माझ्या किटमधले तीन तसे पडले आणि मागचा डावा अर्ध्यावर अडकला. ३ मिमीचा रीमर (छिद्र किंचित मोठे करणारे हत्यार) हाताने एकदा फिरवल्यावर तो मोकळा झाला. हे न करता मी थेट ट्रॅकवर गेलो असतो, तर एका बाजूला कुरकुरणारी गाडी घेऊन स्प्रिंग बदलत राहिलो असतो आणि दोष नेमका नको तेथे शोधला असता.

शॉक, म्हणजे धक्के शोषणारा शॉक-ॲब्सॉर्बर, हा या किटचा सर्वोत्तम भाग आहे, आणि सर्वांत जास्त वेळही तोच मागतो. १९८४ साली आलेल्या, असोसिएटेड या अमेरिकी कंपनीच्या आरसी१० या गाडीत ॲल्युमिनियमचे टबसारखे चेसिस आणि तेलाने भरलेले शॉक होते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेल मार येथे इफमार या मॉडेल-गाड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हापासून चेसिसचा आकार, मोटरची जागा आणि बॅटरीची जात हे सगळे बदलले, पण तेलात सरकणारा छिद्रांचा पिस्टन तसाच राहिला आहे. या किटमध्ये दोन छिद्रांचे पिस्टन मिळतात आणि छिद्राचा व्यास १.६ किंवा १.७ मिमी असा निवडता येतो. दहाव्या भागाचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण उडीवरून उतरताना पिस्टन वेगाने आत जातो तेव्हा बारीक छिद्रातून तेल वेळेवर निसटू शकत नाही आणि शॉक क्षणभर घट्ट होतो. मोठ्या उडीवर हा घट्टपणा चेसिस जमिनीवर आपटण्यापासून वाचवतो. बारीक खाचखळग्यांवर तोच गाडीला उधळतो. म्हणून पिस्टन ट्रॅकच्या खडबडीतपणावरून ठरवावा आणि तेल त्यानंतर, उलट क्रमाने नव्हे.

तेलाच्या आकड्यांविषयी एक सूचना. बाटलीवरचा ३५ हा वेट-आकडा प्रत्येक निर्मात्याकडे थोड्या वेगळ्या दाटपणाचा (श्यानतेचा) असतो, त्यामुळे तुलना करायची ती सेंटिस्टोक या श्यानतेच्या एककात करावी. मी पुढे ४२५ आणि मागे ३५० सेंटिस्टोकचे तेल भरले आहे. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे निघू द्यायचे, शॉक दहा मिनिटे उभा ठेवायचा आणि मगच झाकण लावायचे. घाई केली तर आत हवा राहते, आणि डाव्या-उजव्या शॉकमध्ये हवेचे प्रमाण वेगळे असेल तर दोन्ही बाजूंना एकच स्प्रिंग असूनही गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी होते. जोडीतले दोन्ही शॉक हातात धरून एकाच वेळी दाबावेत आणि सोडावेत. दोघांचे दांडे सारख्याच वेगाने आणि सारख्याच अंतरापर्यंत परत आले पाहिजेत. माझ्या चारपैकी एका शॉकच्या खालच्या टोपीतून विसाव्या बॅटरीच्या सुमारास तेल झिरपू लागले. ओ-रिंगला ग्रीस लावायला मीच विसरलो होतो, त्यामुळे त्याचा दोष किटला देत नाही.

डिफ, म्हणजे डावे-उजवे चाक वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल, बॉल प्रकारचा आहे; त्यात दोन कड्यांमध्ये गोळ्या दाबलेल्या असतात. कार्बाइडच्या गोळ्यांना सिलिकॉनचे ग्रीस आणि थ्रस्ट-बेअरिंगला काळे ग्रीस लागते. ही अदलाबदल झाली तर डिफ घसरतो किंवा खरखरतो. पुस्तिका स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायला सांगते. मी तसे केले आणि पहिल्याच दिवशी कड्यांवर गोळ्यांच्या खुणा उमटल्या. आता मी तो थोडा थोडा आवळतो, मधल्या काळात हाताने फिरवून बसू देतो, आणि शेवटी एक परीक्षा करतो: दोन्ही मागची चाके घट्ट धरून स्पर गियर (पिनियनला जुळणारा मोठा गियर) अंगठ्याने पुढे ढकलायचा, तेव्हा आधी स्लिपर क्लच (जोर जास्त झाला की घसरणारा क्लच) सुटला पाहिजे, डिफ नव्हे. डिफ आधी सुटला तर उडीनंतरचा प्रत्येक धक्का त्या बारीक कड्यांवर जातो. ज्यांना दर दहा-बारा बॅटऱ्यांनी डिफ उघडायचा कंटाळा आहे त्यांनी गियर डिफ घ्यावा. त्यात काही हजार सेंटिस्टोकचे तेल भरले की बराच काळ पाहावे लागत नाही, पण ट्रॅकवरच एका स्क्रूने तो सैल-घट्ट करण्याची सोय मात्र जाते.

गियरबॉक्स तीन किंवा चार गियरचा बांधता येतो, आणि या किटमधली मला सर्वांत आवडलेली सोय हीच आहे. तीन गियर असताना मोटरचा रोटर चाकांच्या उलट दिशेने फिरतो आणि चार असताना चाकांच्याच दिशेने. दुसऱ्या मांडणीत रोटर वेग घेतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया गाडीचे नाक उचलते आणि वजन मागच्या चाकांवर ढकलते, म्हणजे सैल मातीत अगदी हवी तेथे पकड मिळते. कार्पेटच्या ट्रॅकवर पकड मुळातच भरपूर असते, म्हणून तेथे तीन गियर पुरतात आणि घर्षणही एका गियरने कमी होते. मांडणी बदलल्यावर ईएससीमध्ये मोटरची दिशा उलटी करावी लागते. मी ती केली नाही, आणि पहिल्या ट्रिगरला गाडी ऐटीत मागे गेली.

गियरिंगचे गणित सोपे आहे. गियरबॉक्सचे अंतर्गत प्रमाण २.६ असेल, स्पर ७८ दात्यांचा आणि पिनियन ३० दात्यांचा असेल, तर ७८ भागिले ३० म्हणजे २.६ आणि त्याला २.६ ने गुणल्यावर एकूण प्रमाण ६.७६ येते. १७.५ टर्नच्या (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे) ब्रशलेस मोटरसाठी मी येथून सुरुवात केली, पाच मिनिटांच्या फेरीनंतर मोटरचे तापमान मोजले, आणि ते ७० अंश सेल्सियसच्या आत राहिले म्हणून एक दात मोठा पिनियन लावला. तापमान न मोजता पिनियन वाढवत जाणारे लोक मोटर जाळतात आणि दोष मोटरला देतात.

वजनात किट चोख आहे. दोनचाकी-चालनेच्या बग्गीसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान वजनाची अट असते. आखूड आकाराची दोन-सेलची लायपो बॅटरी आणि हलका सर्व्हो घेतल्यावर माझी गाडी त्याच्या थोडीच वर राहिली, आणि उरलेली जागा पितळेच्या वजनांसाठी वापरता आली. बॅटरी पुढे-मागे सरकवण्यासाठी फोमचे तुकडे दिले आहेत. सैल मातीवर मी ती मागे ठेवतो.

आता मूळ प्रश्न. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) २२ मिमीवर ठेवून, मागच्या कॅम्बर-लिंकच्या आतल्या टोकाखालचा १ मिमीचा वॉशर काढला आणि दुसरे काहीही हलवले नाही; वळणातून बाहेर पडताना मागचा भाग जेथे सरकत होता तेथे तो सरकायचा थांबला. वॉशर परत टाकला, सरकणे परत आले. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बॅटरीवर, पुन्हा तेच झाले. ज्या जुन्या गाडीवरून मी येथे आलो तिच्यात असे तीन वॉशर टाकले तरी पिनांच्या सैलपणात हरवून जात. पण या संवेदनशीलतेची दुसरी बाजूही आहे: एकाच वेळी टायर, स्प्रिंग आणि लिंक बदलणाऱ्याला ही गाडी चटकन बिघडवता येते, आणि मग कोणता बदल वाईट होता हे ती सांगत नाही. वही आणि पेन्सिल किटमध्ये नाहीत, तरी मी त्यांना आवश्यक सुटे भागच मानतो.

पहिली बग्गी म्हणून हे किट मी सुचवणार नाही. नवशिक्याने तयार गाडीवर एक हंगाम काढावा, कारण त्याच्या चुका सेटअपच्या नसून ट्रिगरच्या असतील. ज्याला ट्रॅकवरची एक रेषा सलग दहा वेळा पकडता येते, त्याने मात्र हे घ्यावे, आणि त्याबरोबर पुढच्या आर्मची एक जोडी, बॉलकपचे (लिंकच्या टोकांना बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वाट्यांचे) एक पाकीट आणि ५×१०×४ मिमीची चार बेअरिंग त्याच दिवशी मागवावीत. माझे पुढचे बॉलकप चाळिसाव्या बॅटरीला सैल झाले, आणि त्यानंतरच्या दोन संध्याकाळी वॉशर काढला काय आणि टाकला काय, गाडीने उत्तर दिले नाही.